मुक्त ऑनलाइन कोर्स करताना गटाने मिळून ज्ञान कसे उभे करावे

स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी आधारावर विनामूल्य ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या व्यासपीठांवर एखादा कोर्स सुरू झाला की आठवड्याभरात त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, टेलिग्रामवर चॅनेल दिसू लागते, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे दोनच गोष्टी उरतात: असाइनमेंटची मुदत वाढली का याची चौकशी आणि उत्तरांची पीडीएफ. याचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे सोपे आहे, पण दोष बराचसा जागेचा आहे. संदेशांच्या ओघात काल विचारलेला चांगला प्रश्न आज वर सरकून दिसेनासा होतो, त्याला मिळालेले अर्धे उत्तर कोणी पुरे करत नाही, आणि पंधरा दिवसांनी तोच प्रश्न दुसरा कोणीतरी नव्याने विचारतो. म्हणून गटाने बोलण्याची जागा आणि लिहिण्याची जागा सुरुवातीपासूनच वेगळी ठेवावी. बोलणे ग्रुपवर चालू द्यावे. समजूत मात्र अशा पानांवर साठवावी, जिथे एकाने लिहिलेले दुसऱ्याला सुधारता येते. ही पाने कशी चालवायची, ते पुढे सांगितले आहे.

मुळात मुक्त ऑनलाइन कोर्स ही कल्पना निघाली तीच शिकणाऱ्यांच्या लिखाणावर. २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठातर्फे जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी ज्ञान आणि जोडणी या विषयावर एक कोर्स चालवला. शुल्क भरलेले विद्यार्थी सुमारे २५ होते आणि विनामूल्य सहभागी झालेले सुमारे २,२००. ‘मूक’ (मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स, म्हणजे प्रचंड संख्येसाठी खुला ऑनलाइन कोर्स) हे नाव याच कोर्सच्या निमित्ताने डेव्ह कॉर्मिए यांनी सुचवले. सहभागी लोक आपापल्या जागी लिहीत, डाउन्स यांनी तयार केलेली संगणकप्रणाली ते लिखाण गोळा करून रोजच्या पत्रातून सर्वांकडे पाठवी. पुढे २०११ मध्ये स्टॅनफर्डचे लाखभराहून अधिक नोंदणीचे कोर्स आले आणि तेच नाव व्हिडिओ, क्विझ व सर्टिफिकेट या साच्याला चिकटले. आपल्याकडचे एनपीटीईएलचे कोर्स आणि २०१७ मध्ये सुरू झालेले स्वयम हे प्रामुख्याने या दुसऱ्या साच्यातले आहेत. व्याख्याने उत्तम असतात, पण सहाध्यायांनी मिळून काही घडवण्याची सोय कोर्सच्या रचनेतच असेल असे धरून चालता येत नाही. ती गटालाच करावी लागते.

माणसे आणि जागा

लिहिणारे सहा ते आठ जण पुरेसे असतात. वाचणारे कितीही असोत. ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि उरलेला १ टक्का बहुतेक सर्व लिखाण करतो, असा ठोकताळा वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. तो ठोकताळाच आहे, पण शंभर जणांच्या ग्रुपमधून किती लिहिते हात मिळतील याचा अंदाज बांधायला पुरतो. न लिहिणाऱ्यांना टोमणे मारून उपयोग होत नाही. त्यांच्यातल्या एखाद्याला ‘या पानावरचे गणित तुम्ही पुन्हा करून पाहाल का’ असे नेमके छोटे काम नाव घेऊन सांगितले, तर होकार मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

साधन म्हणून गुगल डॉक्स चालते, कारण बहुतेकांच्या हातात लॅपटॉप नसून फोन असतो आणि डॉक्स फोनवर उघडते. एक फोल्डर करावे, त्यात एक अनुक्रमणिकेचे पान आणि प्रत्येक प्रश्नासाठी स्वतंत्र दस्तऐवज ठेवावा. बारा आठवड्यांचे सगळे एकाच फाइलमध्ये भरण्याचा मोह टाळावा. चाळीस पानांपर्यंत खाली सरकून कोणीही दुरुस्ती करत नाही. लिहिणाऱ्यांना संपादनाचा हक्क द्यावा आणि बाकीच्यांना टिप्पणीचा. टंकन युनिकोडमध्येच असावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर अगम्य चिन्हांसारखा दिसतो आणि शोधल्यावर सापडत नाही. समीकरणे वहीत लिहून फोटो चिकटवायला हरकत नाही, मात्र फोटोखाली शेवटची ओळ टाइप करावी, म्हणजे शोध चालतो.

दर आठवड्याला एक संपादक असावा आणि भिशीचे नंबर लावावेत तसा त्याचा क्रम पहिल्याच दिवशी लावून टाकावा. संपादकाने सगळे स्वतः लिहायचे नाही. त्या आठवड्याचे दोन प्रश्न निवडणे, प्रत्येक विधानापुढे आधार आहे ना हे पाहणे, आणि रविवारी ग्रुपवर ‘अमुक पान बदलले, तमुक ठिकाणी अडले आहे’ अशा दोन-तीन ओळी टाकणे, एवढेच त्याचे काम. ग्रुपवर एखादी चांगली चर्चा झाली, तर जिने किंवा ज्याने प्रश्न काढला त्यानेच ती त्या दिवसात पानावर नेऊन ठेवावी. हा एक नियम पाळला गेला तर बाकीचे बरेचसे आपोआप जमते.

पान धड्यावर काढू नये, प्रश्नावर काढावे

पहिल्या उत्साहात गट व्याख्यानांचे सारांश लिहायला घेतात. हे काम लवकर थकवते आणि त्यातून विशेष काही हाती लागत नाही. व्याख्यानांचे ट्रान्सक्रिप्ट बहुधा उपलब्धच असते, आणि पाच जणांनी केलेले पाच सारांश एकसारखेच निघतात. सारांशाला कोणी विरोध करत नाही, म्हणून तो सुधारतही नाही. प्रश्नाचे तसे नसते.

प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. प्रत्येकाने व्याख्यान पाहताना आपण जिथे अडलो ती जागा नोंदवायची: आठवडा ५, व्याख्यान ३, मिनिट १२. एवढेच, कारण सांगायची गरज नाही. आठवड्याच्या शेवटी ही यादी पाहिली आणि तीन जणांची नोंद एकाच मिनिटाभोवती असली, की पान कशावर काढायचे ते ठरले. आयआयटी मुंबईत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकणाऱ्याला मध्यभागी ठेवणारी कोर्सची जी रचना विकसित केली, तिच्यात व्हिडिओ मध्येच थांबवून विचार करायला लावणाऱ्या जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात आणि सहाध्यायांची चर्चाही मोकळी न सोडता एका नेमक्या प्रश्नाभोवती बांधलेली असते. आपल्या कोर्समध्ये तशी सोय नसेल, तर अडलेल्या मिनिटांची यादी हाच तिचा घरगुती पर्याय समजावा.

पानावर लिहायचे कसे, याचे उत्तर टोरांटो विद्यापीठातील मार्लीन स्कार्डामालिया आणि कार्ल बेराइटर यांच्या कामात सापडते. १९८०च्या दशकापासून त्यांनी शाळकरी मुलांसाठी सामाईक लेखनाच्या संगणकप्रणाली तयार केल्या. त्यांपैकी ‘नॉलेज फोरम’ आजही वापरात आहे. तिच्यात मूल नोंद लिहायला बसले की वाक्याची तयार सुरुवात निवडू शकते: माझा सिद्धान्त असा आहे, मला हे समजून घ्यायचे आहे, नवी माहिती, या सिद्धान्ताने हे सुटत नाही, अधिक चांगला सिद्धान्त, आपले सगळ्यांचे ज्ञान एकत्र केले तर. दिसायला ही युक्ती बालिश आहे, पण मोठ्यांनाही ती लागू पडते, कारण ‘या सिद्धान्ताने हे सुटत नाही’ असे लिहिणारा माणूस समोरच्याला चूक ठरवत नसतो, तो फक्त उरलेला भाग दाखवत असतो. या सुरुवाती पानाच्या माथ्यावरच चिकटवून ठेवाव्यात. प्रत्येक नोंद त्यांतल्या एकीने सुरू व्हावी असा आग्रह निदान पहिले तीन आठवडे धरावा.

एक पान जवळून

सांख्यिकीची ओळख करून देणारा कोर्स आहे असे समजू. गृहीतक-चाचणीत पी-व्हॅल्यू नावाची एक संख्या काढतात, म्हणजे गृहीतक खरे धरले तर असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता. त्या आठवड्यात पान निघते आणि त्याचे शीर्षक असते: ‘पी-व्हॅल्यू ०.०४ आली, म्हणजे नाणे सदोष असण्याची शक्यता ९६ टक्के आहे का?’ पहिली नोंद लातूरच्या एका विद्यार्थिनीची. माझा सिद्धान्त असा आहे की होय, कारण शंभरातून चार वजा केले की ९६ उरतात. ही समजूत जगभर आढळते, आणि ती कोणीतरी उघड लिहिली याचे गटाने स्वागत करावे.

दुसरी नोंद: या सिद्धान्ताने हे सुटत नाही. पी-व्हॅल्यू काढताना आपण नाणे निर्दोष आहे असे आधी धरूनच चालतो. मग तीच संख्या ते धरलेले खरे असण्याची शक्यता कशी सांगेल? तिसरी नोंद नवी माहिती देते आणि गणित मांडते. नाणे २० वेळा उडवले आणि १५ वेळा छाप पडला. निर्दोष नाण्याच्या बाबतीत २० फेकींचे एकूण १०,४८,५७६ प्रकार सारख्याच शक्यतेचे असतात आणि त्यांपैकी २१,७०० प्रकारांत छाप १५ किंवा अधिक वेळा येतो. भागाकार सुमारे ०.०२०७. काटा १५ किंवा अधिक वेळा येण्याची शक्यताही तेवढीच, म्हणून दोन्ही बाजू धरून ०.०४१४. इथे संपादकाने एकाला कॅल्क्युलेटर घेऊन आकडे तपासायला सांगावे आणि तपासणाऱ्याने ‘तपासले’ असे लिहून तारीख टाकावी.

आता पान खरे रंगते. चौथा लिहितो: एका पेटीत १,००० नाणी आहेत आणि त्यांतली १० सदोष आहेत असे मानू. प्रत्येक नाणे २० वेळा उडवायचे आणि छाप १५ किंवा अधिक, अथवा ५ किंवा कमी वेळा आला तर ते बाजूला काढायचे. निर्दोष ९९० नाण्यांपैकी ०.०४१४ पट, म्हणजे सुमारे ४१ नाणी केवळ योगायोगाने बाजूला निघतील. सदोष दहाच्या दहा सापडली असे उदारपणे धरले, तरी बाजूच्या ढिगात ५१ नाणी आणि त्यांत सदोष फक्त १०. म्हणजे जेमतेम २० टक्के. ९६ टक्क्यांच्या जवळपासही नाही. त्यावर पहिली विद्यार्थिनी विचारते की पेटीत ५०० नाणी सदोष असती तर? तेव्हा निर्दोष ५०० मधून सुमारे २१ निघतील, आणि सदोष ५०० सगळी सापडली असे धरले तर प्रमाण ९६ टक्के येते. तिची सुरुवातीची संख्या परत हजर होते, पण एका विशिष्ट पेटीपुरती. हा शोध व्याख्यानात नव्हता, ट्रान्सक्रिप्टमध्ये नव्हता, आणि गटातल्या कोणा एकाकडेही आधीपासून तयार नव्हता.

शेवटी संपादक ‘सगळे एकत्र केले तर’ या सुरुवातीने तीन-चार ओळी लिहितो: नाणे निर्दोष आहे असे धरले, तर हाती आलेला किंवा त्याहून टोकाचा निकाल किती विरळा असेल, हे पी-व्हॅल्यू सांगते, नाणे सदोष असण्याची शक्यता पेटीत मुळात सदोष नाणी किती होती आणि आपली चाचणी त्यांतली किती पकडते यांवरही ठरते, आणि ते पी-व्हॅल्यूला ठाऊक नसते. या ओळी पानाच्या वरच्या भागात जातात. खालच्या नोंदी मात्र पुसायच्या नाहीत, चुकीची पहिली नोंद तर मुळीच नाही. पुढच्या सत्रात येणारा विद्यार्थी त्याच समजुतीने येणार आहे, आणि तिथून वर कसे चढायचे हे त्याला नुसत्या अंतिम व्याख्येतून कळणार नाही.

सरांचे वाक्य कसे खोडायचे?

आपल्याकडच्या कोर्समध्ये एक अडचण हमखास येते. एनपीटीईएलचे बरेच कोर्स प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठीही धरले जातात, त्यामुळे एकाच गटात तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आणि वीस वर्षे शिकवलेल्या मॅडम एकत्र येतात. सरांनी पानावर परिच्छेद लिहिला की विद्यार्थी ‘धन्यवाद सर’ म्हणतात आणि ते पान तिथेच मरते. आदर सोडायला सांगणे हा यावरचा उपाय नव्हे; तसे कोणी ऐकणारही नाही. उपाय रचनेतून करावा. पहिली नोंद ज्येष्ठांनी करू नये आणि केलीच तर ‘मला हे समजून घ्यायचे आहे’ या सुरुवातीने करावी. शिकवणाऱ्या माणसाने स्वतःची शंका लिहिलेली दिसली, की बाकीच्यांची भीड चेपते. पहिले काही आठवडे डॉक्समध्ये थेट खोडण्याऐवजी सुचवण्याची पद्धत चालू ठेवावी, म्हणजे मूळ वाक्य जागेवर राहते, बदल वेगळ्या रंगात दिसतो आणि तो स्वीकारण्याचा मान मूळ लेखकाला देता येतो.

मतभेद मिटतच नसेल तर बहुमत घेऊ नये. दोन्ही म्हणणी पानावर शेजारी ठेवावीत आणि त्याखाली एकच वाक्य लिहावे: कोणती गोष्ट दाखवली तर यांतले कोणते मागे घ्यावे लागेल? ते वाक्यही जमले नाही, तर प्रश्न पुरेसा नेमका झालेला नाही असे समजावे. जमले, पण उत्तर गटाबाहेरचे असले, तर कोर्सच्या सहायक शिक्षकांना, म्हणजे टीएंना, तो प्रश्न दोन्ही म्हणण्यांसह पाठवावा. ‘सर, पी-व्हॅल्यू समजली नाही’ या प्रश्नापेक्षा अशा प्रश्नाला नेमके उत्तर मिळण्याची आशा कितीतरी जास्त असते.

आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटे गुगल मीटवर भेटावे आणि एकच पान मोठ्याने वाचावे. वाचताना जिथे अडखळायला होईल तिथे थांबून तिथल्या तिथे वाक्य बदलावे. कोणीही व्याख्यान देऊ नये. व्याख्याने आधीच रेकॉर्ड झालेली आहेत.

उत्तरे, चॅटबॉट आणि मालकी

एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये साधारणपणे सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटचे गुण २५ टक्के आणि परीक्षाकेंद्रावरील परीक्षेचे ७५ टक्के धरले जातात; २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार विद्यापीठे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांचे श्रेयांक स्वयमवरून घेऊ देऊ शकतात. म्हणजे गुणांना किंमत आहे आणि उत्तरे वाटण्याचा दबाव खरा आहे. गटाने पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे की मुदत संपेपर्यंत असाइनमेंटच्या प्रश्नाचे उत्तर पानावरही येणार नाही आणि ग्रुपवरही नाही. मुदत संपल्यावर मात्र चुकलेल्या प्रश्नांचे पान आवर्जून काढावे. त्याहून चांगले म्हणजे गटाने स्वतःचे बहुपर्यायी प्रश्न तयार करावेत. ऑकलंड विद्यापीठात पॉल डेनी यांनी तयार केलेली ‘पीअरवाइज’ ही प्रणाली याच तत्त्वावर चालते: विद्यार्थी प्रश्न लिहितात, इतर सोडवतात आणि त्यावर टीका करतात. प्रश्न लिहिताना प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो कोणत्या गैरसमजातून निवडला जाईल हे लिहायची अट घालावी. योग्य उत्तर लिहिणे सोपे असते. पटण्यासारखे चुकीचे उत्तर सुचायला विषय कळावा लागतो.

चॅटबॉटचा मजकूर पानावर जसाच्या तसा चिकटवण्याला माझा विरोध आहे, आणि तो नीतीपेक्षा व्यवहाराच्या कारणाने. असा मजकूर इतका गुळगुळीत असतो की त्याला कोणी हात लावत नाही, आणि हात लावल्याशिवाय पान पुढे जात नाही. कोणी त्याची मदत घेतलीच, तर आपल्या शब्दांत लिहावे आणि कोणते विधान व्याख्यानाच्या कोणत्या मिनिटाशी किंवा स्वतःच्या कोणत्या गणिताशी ताडून पाहिले हे पुढे नोंदवावे.

मालकीचा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण तो आधीच सोडवलेला बरा. गटाचे स्वतःचे लेखन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश व समान-वाटप परवान्याखाली (नाव देऊन आणि त्याच अटींवर पुढे वाटून कोणालाही वापरता येईल असे) असेल, हे अनुक्रमणिकेच्या पानावर लिहून सर्वांची संमती घ्यावी. व्याख्यानातल्या स्लाइडचे फोटो पानात घालू नयेत. आकृती आपल्या हाताने काढावी. परवाना मुक्त दिसला तरी अटी वाचाव्यात. उदाहरणार्थ, एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरमधील साहित्य बिगर-व्यापारी वापरापुरते खुले आहे, आणि विकिबुक्स या विकिपीडियाच्या धर्तीवर सर्वांनी मिळून पाठ्यपुस्तके लिहिण्याच्या संकेतस्थळाला अशी अट असलेले साहित्य चालत नाही.

परीक्षा झाल्यावर

परीक्षेनंतर गट पांगतो, म्हणून आवराआवरीचे काम परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातच संपवावे. जी पाने पुरती पिकली आहेत ती मराठी विकिबुक्सवर नेता येतात. तिथे पान कोणालाही बदलता येते आणि प्रत्येक पानाला चर्चेसाठी वेगळे पान असते, त्यामुळे गटाची पद्धत तिथेही चालू राहू शकते. नावे द्यायची की नाहीत, हे प्रत्येकाला विचारावे.

फोल्डर कोणाच्या खात्यावर आहे, ते आवर्जून पाहावे. महाविद्यालयाने दिलेल्या ईमेलवर ते असेल, तर विद्यार्थी पास होऊन बाहेर पडल्यावर खाते बंद होऊ शकते आणि त्याबरोबर सगळी पानेही जाऊ शकतात. खाते चालू आहे तोवरच मालकी वैयक्तिक खात्यावर घ्यावी, आणि महाविद्यालयाच्या खात्यातून ती बाहेर देता येत नसेल तर वैयक्तिक खात्यावर प्रत करून घ्यावी. शिवाय सगळ्या पानांची एक प्रत उतरवून दुसऱ्या कोणाकडे ठेवावी. अनुक्रमणिकेच्या माथ्यावर कोर्सचे नाव, सत्र, वर्ष आणि न सुटलेले प्रश्न लिहावेत, आणि पुढच्या सत्राचा ग्रुप निघाला की तिथे आधी या न सुटलेल्या प्रश्नांचा दुवा टाकावा, पिकलेल्या पानांचा नंतर.